इंजिन पॅनेल समोरून बंद हवं, मागून उघडं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २९ फुटी जुनी फायबरची शिडाची बोट, मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच कायम बांधून ठेवलेली. आत वीसेक हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. त्याचं पॅनेल कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेच्या, उजव्या भिंतीत, पोटरीच्या उंचीला. मीटरच्या काचेला आतून धुकं धरतं, आरपीएमचा काटा नाचतो, चावी फिरवली की कधी कधी नुसतं ‘टक्’ होतं, आणि धोक्याची सूचना देणारा बझर गेल्या हंगामापासून गप्प आहे. तुम्ही विचारताय: नवं तयार पॅनेल आणू, की पूर्ण वॉटरप्रूफ डबी करून त्यात सगळं बसवू?

माझं मत, आत्ता लगेच दोन्ही नको. तुमच्या चार तक्रारींपैकी खरी पॅनेलची अशी एकच आहे, ती म्हणजे धुकं. बाकी तीन वायरिंगच्या आहेत. पॅनेल नवंकोरं आणलंत आणि जुन्याच वायरींना जोडलंत तर दोन पावसाळ्यांत हाच प्रश्न पुन्हा विचाराल. आणि वॉटरप्रूफ डबीबद्दल तर माझा अनुभव असा की पाण्याने मेलेली जी पॅनेलं मी उघडली, त्यांतली सगळ्यात वाईट अवस्थेतली बहुतेक ‘सीलबंद’ होती.

असं का होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बंद डबीवर दुपारचं ऊन पडलं की आतली हवा तापते, फुगते आणि गॅस्केटच्या कुठल्यातरी बारीक फटीतून बाहेर जाते. मग अचानक सर येते किंवा लाट अंगावर येते, डबी झटक्यात थंड होते, आत दाब कमी होतो आणि त्याच फटीतून ओली हवा किंवा बाहेर साचलेलं पाणीच आत ओढलं जातं. रोज थोडं थोडं. आत आलेलं पाणी बाहेर पडायला मात्र वाट नसते. ते मीठ घेऊन आलेलं असतं, आणि मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवतं, त्यामुळे आतला भाग कधीच पूर्ण सुकत नाही. तुमच्या मीटरच्या काचेआड जे धुकं दिसतं ते याच श्वासोच्छ्वासाचं छोटं रूप.

डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं त्यावरही फार विसंबू नका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत गेलं नाही. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, ती ६ ची, आणि ७ मिळालेली वस्तू ६ ची चाचणी पास होईलच असं नाही. दुसरी गोष्ट, मीटर आणि बटणांवरचा आयपी आकडा पुष्कळदा फक्त समोरच्या तोंडाचा असतो, तोही गॅस्केट नीट बसवलं तर. मागच्या पिनांना तो लागू नाही. शिवाय या चाचण्या नव्या वस्तूवर होतात. पाच उन्हाळे खाल्लेल्या रबरावर नाही.

म्हणून मी पॅनेल करताना एकच धोरण ठेवतो. समोरची पाटी बोटीच्या भिंतीला चारी बाजूंनी पक्की बंद, म्हणजे कॉकपिटातलं पाणी बोटीत जाणार नाही. मागची बाजू मात्र मोकळी, हवा खेळती, आणि वरून ठिबकलेलं पाणी खाली निघून जाईल अशी. कोकणातलं घर पावसाला असंच तोंड देतं: छप्पर उताराचं, पाखी पुढे काढलेली, आणि आत वारा खेळता. आणि ज्या वस्तूंना ओल सोसत नाही, म्हणजे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, जोड, बझर, त्या पॅनेलवर ठेवायच्याच नाहीत. त्या बोटीच्या आत, कोरड्या भागात.

आता तुमच्या तक्रारी एकेक घेऊ. सगळ्यात आधी ‘टक्’, कारण ओहोटीच्या वेळी खडकाजवळ हे झालं तर महागात पडेल.

चावी फिरवली की सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फ जोडून देणाऱ्या विजेच्या चुंबकाला, पॅनेलमधून करंट जातो. हा करंट पहिल्या क्षणाला सहज ३० अँपिअरच्या घरात असू शकतो. तो इंजिनापासून पॅनेलपर्यंत येतो, चावीतून जातो आणि परत इंजिनापाशी जातो. तुमच्या बोटीत हे अंतर एका बाजूचं पाच मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन दहा. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००७४ ओहम, दहा मीटरला ०.०७४. ३० अँपिअरला सव्वादोन व्होल्ट नुसत्या तारेतच गेले. त्यात चार-पाच जोड आणि चावीचे कळंकलेले काँटॅक्ट मिळून आणखी ०.१ ओहम धरा. अजून तीन व्होल्ट गेले. बॅटरी १२.४ दाखवते, सोलेनॉइडला मिळतात ७. मग तो ‘टक्’ करून गप्प बसणार नाही तर काय करणार? लोक बॅटरी बदलतात, सेल्फ उघडून कार्बन बदलतात, आणि दोष चावीच्या मागे तसाच राहतो.

हे तपासायला मल्टिमीटर पुरे. इंजिन गिअरमध्ये नाही याची खात्री करा. एकाने चावी धरून ठेवायची, दुसऱ्याने सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर व्होल्ट मोजायचे आणि त्याच वेळी बॅटरीवरचेही. बॅटरी ११ च्या वर टिकून आहे आणि छोट्या टर्मिनलवर ८-९ च येतात, तर दोष वाटेत आहे. बॅटरीच ८-९ वर कोसळली तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या जाड केबलींचा, पॅनेलला बोल लावू नका.

वाटेतल्या दोषावर उपाय स्वस्त आहे. इंजिनाजवळ, पण बिल्जच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) आणि बेल्टच्या उडणाऱ्या पाण्यापासून दूर, एक ४० किंवा ७० अँपिअरचा सीलबंद रिले लावा. सोलेनॉइडचा करंट सेल्फच्या बॅटरी-टर्मिनलवरून फ्यूजमधून थेट रिलेतून जाईल. पॅनेलच्या चावीने फक्त रिलेची कॉइल चालवायची. कॉइल घेते ०.१५ अँपिअरच्या आसपास. वरच्याच खराब वायरिंगमध्ये आता ०.०३ व्होल्टही पडणार नाहीत. रिलेचा सॉकेट तोंड खाली करून बसवा, वायर खालून लूप घेऊन वर येऊ द्या, म्हणजे थेंब लूपच्या तळाला गळून पडतील. तुमच्या इंजिनाला ग्लो प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे प्लग, असतील तर त्यांचाही करंट असाच रिलेवर काढा. पॅनेलमधून मोठा करंट जाताच कामा नये, हा नियम पाळला की निम्मी दुखणी संपतात.

आरपीएमचा काटा. इथे तुमचा मीटर सिग्नल कुठून घेतो यावर सगळं अवलंबून आहे. एक पद्धत अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून. तिथली फ्रीक्वेन्सी पुलीच्या प्रमाणावर आणि अल्टरनेटरच्या पोलांवर ठरते: पुली दोनास एक, पोलांच्या सहा जोड्या, तर इंजिन २००० ला ४०० हर्ट्झ. दुसरी पद्धत फ्लायव्हीलच्या दात्यांवर बसवलेल्या मॅग्नेटिक सेन्सरची. ‘डब्ल्यू’ असेल तर काटा नाचायची कारणं सहसा तीन: बेल्ट सैल, ‘डब्ल्यू’वरचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) ढिला, किंवा मीटरची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोड, खराब. सेन्सर असेल तर त्याचं दात्यांपासूनचं अंतर आणि टोकाला चिकटलेला लोखंडी भुगा बघा. एकदा स्थिर झाला की लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या, चमकती पट्टी वाचणाऱ्या टॅकोमीटरने क्रँकच्या पुलीवर मोजून मीटर जुळवून घ्या. ‘डब्ल्यू’वाल्या बोटीवर सुरू केल्या केल्या काटा शून्यावरच बसला आणि रेस केल्यावर उठला, तर समजा अल्टरनेटर उशिरा जागा होतोय.

याला जोडूनच एक धोक्याची सूचना. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना जागं व्हायला लागणारा सुरुवातीचा करंट पॅनेलवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून जातो. हौसेने सगळे दिवे एलईडी केले की चार्जिंग बंद पडलं असं मी अनेक बोटींवर बघितलं आहे. एलईडी लावायचाच असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर द्या. नाहीतर तेवढा एक दिवा जुन्या पद्धतीचा, दोन-तीन वॉटचाच ठेवा. मी ठेवतो.

आता बझर. तुम्ही त्याचा उल्लेख शेवटी आणि सहज केलात. माझ्या यादीत तो पहिला आहे. शिडावरच्या माणसाचं लक्ष शिडावर, वाऱ्यावर आणि समोरून येणाऱ्या लाँचवर असतं. मीटरकडे कोण बघतो? ऑइल प्रेशरचा स्विच बहुतेक इंजिनांत दाब नसताना जोडलेला असतो. म्हणून चावी ऑन, इंजिन बंद, या स्थितीत बझर वाजायलाच हवा. रोजची ही तपासणी फुकट आहे. वाजला नाही तर ऑइल स्विचची वायर काढून इंजिनाच्या ब्लॉकला टेकवा. वाजला तर स्विच मेला किंवा त्याची अर्थ गेली. स्विच किंवा सेंडरच्या (मीटरला माप पाठवणारा इंजिनावरचा भाग) आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून कोणी बसवला असेल तर अर्थ तिथेच तुटते, आणि हे नेहमी घडतं. तरीही नाही वाजला तर दोष बझरचा किंवा त्याला करंट देणाऱ्या वायरीचा.

बझर पॅनेलच्या मागे ठेवू नका. आतल्या जिन्याजवळ, कोरड्या जागी, आवाजाचं भोक खाली करून लावा आणि इंजिन पूर्ण रेसवर असताना सुकाणूवरून ऐकू येतो का ते बघा.

तापमानाच्या स्विचवर मात्र आपल्या पाण्यात एकट्यावर भरवसा ठेवू नये. मुंबई बंदरात प्लास्टिकची पिशवी इनटेकवर चिकटणं ही रोजची गोष्ट आहे. समुद्राचं पाणी बंद झालं की आधी तापतो तो एक्झॉस्टचा रबरी होज, मिनिटा-दोन मिनिटांत. इंजिनातलं पाणी तापून स्विच लागेपर्यंत होज आणि मफलर जळायला लागलेले असतात, पंपाच्या इंपेलरचे, म्हणजे आतल्या रबरी चक्राचे, तुकडे झालेले असतात. म्हणून मिक्सिंग एल्बोच्या (एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी मिसळतं तो बाक) पुढे होजवर पट्ट्याने बांधायचा एक तापमान-स्विच लावा, साधारण ७० अंशांच्या आसपास लागणारा, आणि तो याच बझरला जोडा. पॅनेलवर जो काही खर्च कराल त्यातला सगळ्यात सार्थकी लागलेला हा असेल.

आता काही गोष्टी तुमच्या इंजिनावर अवलंबून आहेत, त्या बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली, इंजिन बंद कसं होतं? केबल ओढून, की सोलेनॉइडने? सोलेनॉइड असेल तर करंट दिल्यावर बंद होणारा, की करंट गेल्यावर बंद होणारा? पहिल्या प्रकारात वायर कळंकली तर इंजिन बंद होत नाही; दुसऱ्यात वायर कळंकली तर नको त्या क्षणी बंद पडतं. दुसऱ्या प्रकाराची वायर मी कधीही कॉकपिटातल्या उघड्या चावीतून नेत नाही. दोन्ही प्रकारांत फ्युएल पंपावरचा हाताने बंद करायचा लिव्हर कुठे आहे ते घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

दुसरी, अर्थ. साध्या इंजिनांत सेंडर एकाच वायरीचे असतात आणि ब्लॉकमधून परत जातात. काही इंजिनांत, विशेषतः अॅल्युमिनियमच्या सेलड्राइव्हवाल्यांत (पंख्याचा पाय बोटीच्या तळातून सरळ खाली पाण्यात उतरतो अशी), ब्लॉक बॅटरीच्या मायनसपासून अलग ठेवलेला असतो आणि सेंडर दोन वायरींचे असतात. तिथे बाजारातला एका वायरीचा सेंडर बसवलात तर ते अलगपण मोडतं आणि पाण्याखालचं अॅल्युमिनियम झिजायला लागतं.

तिसरी, इंजिन थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतं की हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे आतलं वेगळं पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करून. थेटवाल्यांचा थर्मोस्टॅट मुद्दाम खालच्या तापमानाला, ५०-६० अंशांना उघडणारा असतो, कारण त्यापुढे क्षार आतल्या वाटांत बसू लागतात. हीट एक्स्चेंजरवालं इंजिन ७०-८० च्या घरात चालतं. एकाचा अलार्म स्विच दुसऱ्याला चालत नाही.

हे झालं की पॅनेल बांधायला घ्या. जागा आधी. पोटरीच्या उंचीला पॅनेल म्हणजे लाथा, विंचचं हँडल आणि साचलेलं पाणी. तुमच्या बोटीला जिन्यावर कापडी छत असेल तर त्याच्या आडोशाला, केबिनच्या मागच्या भिंतीवर हलवा. पाणी जवळजवळ लागणार नाही, आणि तुम्ही सुकाणू धरून उभे असताना समोर दिसेल. हार्नेस, म्हणजे पॅनेल ते इंजिन वायरींचा जुडगा, लांबवावा लागेल, पण रिले लावल्यावर लांबीची चिंता राहत नाही. हलवणं शक्यच नसेल तर जुनं पॅनेल आहे तिथेच ठेवा, पण चावी केबिनमध्ये न्या. चावीचं भोक म्हणजे आकाशाकडे उघडलेली खिडकी. कॉकपिटात ठेवायचं ते रबरी टोपीचं स्टार्ट बटण, आरपीएम, तापमान, ऑइल आणि चार्जिंगचे दिवे. एकट्याने बोट चालवत असाल तर इंजिन बंद करायची सोय मात्र हाताशीच हवी.

पाटी कशाची? आपल्याकडे वायरमन सवयीने हायलम शीट सुचवतात. घरात उत्तम, बोटीवर कापलेल्या कडांतून ते ओल पितं आणि फुगतं. अॅक्रिलिक दिसायला छान, पण भोकांपासून चिरतं. अॅल्युमिनियमची पाटी आणि स्टेनलेसचे स्क्रू ही जोडी खाऱ्या हवेत एकमेकांना खाते. मी ग्लास एपॉक्सी शीट वापरतो, सर्किट बोर्डाच्या जातीची, ५ ते ६ मिलिमीटर जाड. कापताना मास्क आणि चष्मा लावाच, काचेची धूळ फुप्फुसात जाते. छोट्या मीटरांना ५२ मिलिमीटरचं भोक आणि मोठ्या आरपीएमला ८५ हे युरोपियन मापांत नेहमीचं. तरी मीटर हातात आल्याशिवाय भोक पाडू नका. मरीन प्लाय हाताशी असेल तर तोही चालेल, पण प्रत्येक भोकाची कड एपॉक्सीने दोनदा भरून घ्या. प्लाय सडतो तो कडेनेच.

पाटी भिंतीला बसवताना कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन लावू नका. पॅनेल दर वर्षी काढायचं आहे. बंद पेशींच्या फोमचं ३ मिलिमीटरचं गॅस्केट किंवा ब्युटिल टेप, आणि ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे एम ४ स्क्रू मागे नटांसह. फायबरमध्ये लाकडाचे स्क्रू नकोत. सिलिकॉन वापरायचंच तर उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. तो वास आम्लाचा असतो आणि ते आम्ल तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा. पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला लावू नका, त्याने प्लास्टिक तडकतं. मीटरच्या पाठीवर बारीक भोक असेल तर ते मीटरच्या श्वासासाठी आहे. कितीही मोह झाला तरी ते बुजवायचं नाही.

मागे, वरून डेकच्या बोल्टमधून ठिबकणारं पाणी अडवायला एक उतरतं पत्र्यासारखं झाकण, प्लास्टिकचं, तळ उघडा. एवढंच. तुमचं पॅनेल भिंतीत नसून सुकाणूच्या खांबावरच्या वेगळ्या डब्यात असतं तर मात्र गोष्ट वेगळी होती; त्या डब्याच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ५-६ मिलिमीटरचं भोक पाडायला सांगितलं असतं.

समोर पारदर्शक बिजागरीचं झाकण मला आवडत नाही. उन्हात आत भट्टी होते, डिजिटल पडदा काळा पडतो, आणि बिजागरी आधी तुटते. कॅनव्हासचा पडदा, वर पट्टीत अडकवलेला, खाली मोकळा, जास्त टिकतो.

वायरिंगवर मात्र हात आखडू नका. लोहार चाळीत मिळणारी घरगुती मल्टिस्ट्रँड वायर नुसत्या तांब्याची असते. टोकातून ओल शिरली की कळंक आतल्या आत फूट-फूट चढत जातो. वरून पीव्हीसी नवं दिसतं, सोललं की आत काळी-हिरवी भुकटी. कथील चढवलेलीच वायर घ्या. सोलून बघायची, तार चांदीच्या रंगाची दिसली पाहिजे. लग क्रिम्प करायचे, चांगल्या रॅचेट पकडीने, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. नुसत्या सोल्डरवर जोड सोडू नका. सोल्डर तारेत वर चढतं, तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने त्या कडेलाच तुटते. स्क्रूने तार चिरडणाऱ्या प्लास्टिकच्या कनेक्टर पट्ट्या घरच्या पंख्याला ठीक आहेत. इथे गोल लग आणि स्टडवाली टर्मिनल पट्टी, तीही केबिनमध्ये.

रंग पाळलेत तर पुढचा माणूस दुवा देईल. अमेरिकन बोटींच्या पद्धतीत जांभळा इग्निशनला, पिवळ्यावर लाल रेघ स्टार्टला, फिका निळा ऑइलला, टॅन म्हणजे फिका तपकिरी तापमानाला, करडा टॅकोमीटरला. रंग मिळाले नाहीत तर दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल, म्हणजे वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या, घाला आणि कागदावर लिहून तो कागद बोटीतच ठेवा. पॅनेल आणि हार्नेसमध्ये एकच मल्टिपिन सीलबंद कनेक्टर द्या. डॉइश डीटी जातीचे चांगले चालतात. त्यांच्या नेहमीच्या पिनेला १३ अँपिअरची मर्यादा आहे, पण रिले लावल्यावर तुम्ही तिच्या जवळपासही जाणार नाही. कनेक्टरच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको. पेट्रोलियमने काही रबरं फुगतात.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बझर आणि एक्झॉस्टचा स्विच, मग रिले, मग अर्थ आणि टॅकोची वायर, मग नवी पाटी आणि जागा. पहिल्या तिन्हीनंतर जुनेच मीटर चालू लागले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तयार पॅनेल घ्यायचं ते इंजिन नवं असेल आणि त्याचं कंट्रोल युनिट फक्त त्या पॅनेलशीच बोलत असेल तर. तुमच्या वयाच्या यांत्रिक डिझेलला त्याची गरज नाही.

देखभाल फार नाही. खाऱ्या शिंतोड्यांनंतर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशर पॅनेलकडे वळवू नका, आणि काच पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, प्लास्टिकची काच बारीक तडे जाऊन आंधळी होते. बोटीवरून उतरताना मुख्य स्विच बंद करा, कारण ओल्या जोडावर सतत प्लस असेल तर तांबं कित्येक पट वेगाने खाल्लं जातं. इंजिन चालू असताना मात्र तो स्विच कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात. मे अखेरीस बोट वर काढाल तेव्हा कनेक्टर सोडवून पॅनेल घरी न्या, आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवा, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. बोटीतल्या कनेक्टरच्या टोकाला ग्रीस आणि पिशवी, तोंड खाली. ताडपत्री बोटीवर घट्ट आवळू नका. दोन्ही टोकांना वारा शिरायला जागा सोडा, नाहीतर पावसापेक्षा ताडपत्रीखालच्या घामानेच जास्त नुकसान होईल.

मीटर विकत घेण्याआधी एक मोजमाप करून कळवा. तुमच्या इंजिनावर ऑइलचा सेंडर आहे की नुसता स्विच, ते बघा. जपानी छोट्या डिझेलवर पुष्कळदा फक्त स्विच असतो. सेंडर असेल तर इंजिन बंद असताना त्याची वायर काढून सेंडर आणि ब्लॉकमधला रेझिस्टन्स मोजा. १० ओहमच्या आसपास आला तर युरोपियन जातीचा, १० ते १८० वाला मीटर लागेल. २४० च्या आसपास आला तर अमेरिकन, २४० ते ३३ वाला. दोन्ही उलट्या दिशेने चालतात, त्यामुळे चुकीची जोडी लावलीत तर दाब गेल्यावर काटा वर चढेल. नुसता स्विच असेल आणि तुम्हाला मीटर हवाच असेल, तर ब्लॉकवर पितळी टी बसवून त्यावर जड सेंडर लटकवू नका. थरथरीने टी मोडतो आणि सगळं ऑइल बिल्जमध्ये येतं. त्याऐवजी ऑइलची लवचीक नळी काढून सेंडर इंजिनाच्या खोलीतल्या भिंतीवर बसवा, त्याला अर्थची वेगळी वायर द्या, आणि ऑइलची नळी कॉकपिटापर्यंत कधीच आणू नका.